यात्रा, नदी आणि बदलता पाऊस : ग्वाल्हेर परिसरातील भाविकांसाठी माहिती

॥ श्री ॥



आषाढ लागला की देवस्थानच्या कार्यालयात चौकशी सुरू होते. श्रावणात धूमेश्वरला बस जाणार का, नवरात्रात रतनगडच्या देवीचे दर्शन घडवणार का, हे प्रश्न दरवर्षीचे आहेत. पूर्वी आम्ही तारीख सांगून नावे लिहून घेत असू. अलीकडे काही वर्षे मात्र "पाऊस पाहून सांगू" असे उत्तर द्यावे लागते. एकदा ठरलेली यात्रा आदल्या दिवशी थांबवली, तेव्हा काही भाविकांनी उघड नाराजी व्यक्त केली. देवदर्शनाला निघालेल्यांनी पावसाला काय भ्यायचे, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न मनापासून विचारलेला होता, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यावे असे विश्वस्त मंडळास वाटले. त्या हेतूने हा माहितीपर लेख संकेतस्थळावर देत आहोत.

१. आपला प्रदेश आणि त्याच्या नद्या

ग्वाल्हेर म्हटले की पुराचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. आपल्याला परिचय आहे तो उन्हाळ्यातील लूचा, ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या पाऱ्याचा आणि तिघरा धरणातील पाणी घटले की एक दिवसाआड येणाऱ्या नळाचा. पाण्याच्या टंचाईची आपल्याला सवय आहे, पाण्याच्या लोंढ्याची नाही. हीच विस्मृती धोक्याची आहे, कारण हा प्रदेश नद्यांच्या जाळ्यात वसला आहे.

यातील मुख्य नदी सिंध. ती विदिशा जिल्ह्यात माळव्याच्या पठारावर उगम पावते आणि गुना, अशोकनगर, शिवपुरी, दतिया, ग्वाल्हेर व भिंड या जिल्ह्यांना स्पर्श करीत यमुनेला मिळते. पार्वती ही तिची उपनदी. या दोहोंच्या संगमावर पवाया हे गाव आहे. प्राचीन पद्मावती नगरी ती हीच. विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीने आपल्या 'मालतीमाधव' नाटकाचे कथानक या नगरीत घडवले आहे, आणि त्यात येथील नद्यांचेही वर्णन येते. धूमेश्वर महादेवाचे स्थान याच परिसरात, सिंधेच्या काठी आहे. म्हणजे नदी आणि देवस्थान यांची सोबत येथे फार जुनी आहे. उत्तरेस चंबळ, मधून क्वारी, तिघरा धरणाची सांक आणि खुद्द शहरातून वाहणाऱ्या स्वर्णरेखा व मुरार, अशी ही मांडणी आहे.

पुराची आठवणही आपल्याकडे अगदीच नाही असे नव्हे. सांक नदीवरील तिघरा धरण पहिल्यांदा बांधून झाल्यावर लवकरच, १९ ऑगस्ट १९१७ रोजी फुटले. धरणाखालील वालुकाश्मात पाणी मुरल्याने पाया कमकुवत झाला होता. मृतांचा आकडा एक हजाराच्या आसपास दिला जातो. पुढे धरण पुन्हा उभे राहिले. आज शहर त्याचे पाणी पिते आणि सुटीच्या दिवशी सहकुटुंब तेथे फिरावयास जाते. पण शंभर वर्षांपूर्वीची ती घटना लष्करातील फार थोड्या घरांत सांगितली जाते.

२. रतनगडच्या वाटेवरील तीन प्रसंग

दतिया जिल्ह्यातील रतनगड माता हे ग्वाल्हेर, भिंड, झांशी, जालौन या सर्व भागांतील लोकांचे श्रद्धास्थान आहे. दाट जंगलात टेकडीवर देवीचे ठाणे असून जवळच कुंवर महाराजांचे स्थान आहे. सर्पदंश झालेल्यांना बांधलेला 'बंध' सोडवण्यासाठी दिवाळीनंतरच्या भाऊबीजेला येथे लाखोंचा मेळा भरतो. ठाण्याच्या वाटेवर सिंध नदी ओलांडावी लागते. गेल्या वीस वर्षांत या एकाच वाटेवर जे घडले, त्यात आपला सारा विषय सामावला आहे.

ऑक्टोबर २००६ च्या आरंभी, नवरात्रात, भाविक नदीच्या पात्रातून पायी पलीकडे जात होते. तेव्हा पूल नव्हता. शिवपुरी जिल्ह्यातील मणिखेडा धरणातून सोडलेले पाणी अकस्मात आले आणि सुमारे पन्नास माणसे वाहून गेली. त्या ठिकाणी पाऊस पडत नव्हता. पाणी वरच्या अंगाने आले होते.

या दुर्घटनेनंतर नदीवर पूल झाला. १३ ऑक्टोबर २०१३ रोजी, नवरात्रातील नवमीस, त्याच पुलावर प्रचंड गर्दी असताना पूल कोसळतो आहे अशी आवई उठली. चेंगराचेंगरीत शंभराहून अधिक भाविकांचा अंत झाला. कित्येकांनी जीव वाचवण्यासाठी नदीत उड्या टाकल्या. पूल त्या दिवशी कोसळला नव्हता.

तो कोसळला ३ ऑगस्ट २०२१ रोजी. सिंधेला अभूतपूर्व पूर आला आणि रतनगडचा पूल वाहून गेला. सुदैवाने तो दिवस मेळ्याचा नव्हता.

पूल नव्हता म्हणून माणसे गेली, पूल झाला तर गर्दीने गेली, आणि शेवटी नदीने पूलच नेला. या तिन्ही प्रसंगांची कारणे वेगवेगळी आहेत आणि तिन्हींचा दोष पावसावर टाकणे योग्य होणार नाही. परंतु एक गोष्ट समान आहे. आपल्या यात्रांचे दिवस आणि नदीच्या भरतीचे दिवस आता एकमेकांवर येत आहेत.

३. सन २०२१ चा पूर व त्यानंतर

ऑगस्ट २०२१ च्या पहिल्या आठवड्यात शिवपुरी व श्योपूर जिल्ह्यांत नेहमीच्या मानाने कितीतरी अधिक पाऊस झाला. मणिखेडा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. सीप नदीचे पाणी श्योपूर शहरात शिरले. शिवपुरी, श्योपूर, दतिया, ग्वाल्हेर, भिंड व मुरैना या जिल्ह्यांतील हजाराहून अधिक गावांना झळ पोहोचली. ग्वाल्हेर जिल्ह्यात डबरा व भितरवार भागाने सर्वाधिक सोसले. सेना व वायुसेनेला पाचारण करावे लागले, कारण रस्ते, पूल आणि दूरध्वनी एकाच वेळी बंद पडले होते.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२२ मध्ये, चंबळेला महापूर आला. पाऊस माळवा आणि राजस्थानात पडला होता, कोटा येथून पाणी सोडले गेले आणि मुरैना-भिंडची गावे बुडाली. सप्टेंबर २०२४ मध्ये डबरा-भितरवार भागात पुन्हा पाणी शिरले. त्याच पावसात १२ सप्टेंबरच्या पहाटे दतिया येथील जुन्या किल्ल्याची भिंत लगतच्या घरांवर कोसळून सात जण दगावले. आपल्या भागातील गढ्या, तट आणि बुरूज पर्यटकांना दाखवताना आपण त्यांचे वय अभिमानाने सांगतो. दीर्घकाळ मुरणाऱ्या पाण्याने दगडाच्या भिंतीची पकड सुटते, हेही त्याच वयाबरोबर लक्षात ठेवले पाहिजे.

४. पाऊस का बदलला ?

हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. हे साठलेले बाष्प जेव्हा कोसळते तेव्हा थोड्या वेळात पुष्कळ पाऊस होतो, आणि मधले दिवस कोरडे जातात. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. त्याच काळात एकूण मोसमी पाऊस मात्र घटत गेला. अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या प्रवाहातील वाढते चढउतार हे त्यांनी प्रमुख कारण दिले.

दुसरा बदल वेळापत्रकाचा. भारतीय हवामान विभागाने २०२० साली मोसमी पावसाच्या आगमनाच्या व परतीच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. वायव्य भारतातून पाऊस परतण्याची तारीख त्यात पुढे गेली. पश्चिम राजस्थानातून परतीची सुरुवात पूर्वी १ सप्टेंबर धरली जाई, ती आता १७ सप्टेंबर धरतात. म्हणजे भाद्रपद आणि पितृपक्ष पावसाचे होतात, आणि नवरात्र येते तेव्हा धरणे काठोकाठ भरलेली असतात. भरलेल्या धरणाला उशिराचा एक जोरदार पाऊसही पुरतो. दरवाजे उघडावेच लागतात.

कोणताही एक विशिष्ट पूर केवळ तापमानवाढीमुळे आला असे म्हणता येत नाही. पात्रातील अतिक्रमण, वाळूचा उपसा, बुजलेले नाले, तोडलेली झाडी यांचाही वाटा असतो. पण असे पूर येण्याची शक्यता वाढत आहे, इतके निश्चित म्हणता येते, आणि व्यवस्था करणाऱ्यांस तेवढे पुरेसे आहे.

५. सहलीची ठिकाणे

धोका केवळ यात्रेत नाही. ग्वाल्हेर-शिवपुरीच्या सीमेवरील सुलतानगड धबधबा तरुण मंडळींचे आवडते ठिकाण आहे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी, सुटीच्या दिवशी, पुष्कळ लोक तेथे पार्वती नदीच्या खडकांवर उतरले होते. वर कोठेतरी पाऊस झाला आणि काही क्षणांत पाणी चढले. काही तरुण वाहून गेले. चाळीसच्या आसपास माणसे खडकावर अडकली. अंधार पडेपर्यंत हेलिकॉप्टरने काहींनाच काढता आले. उरलेल्यांना रात्री दोर लावून बाहेर काढण्यात स्थानिक ग्रामस्थांचा मोठा वाटा होता. अडकलेल्यांत आपल्याच शहरातील मंडळी होती.

देशात इतरत्रही हेच दिसते. जून २०१३ मध्ये केदारनाथ येथे हजारो लोक मृत्युमुखी पडले. जुलै २०२२ मध्ये अमरनाथ गुहेजवळ आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी किश्तवाड जिल्ह्यातील चसोटी गावी, मचैल मातेच्या यात्रेत, लोंढ्याने भाविकांचा बळी घेतला. चसोटीस तर भोजनाचा लंगर चालू होता. तेथे साठाहून अधिक जण गेले.

६. नदीकाठची माणसे

यात्रेकरू एका दिवसासाठी नदीवर जातो, पण काठावरचा माणूस तेथेच राहतो. पूर आला की त्याचे घर, धान्य, गुरे आणि कागदपत्रे जातात. पूर ओसरला की पर्यटक येईनासे होतात आणि उत्पन्नही जाते. फुलवाले, नारळ-प्रसादाचे दुकानदार, जीप आणि टेंपोचे चालक, धर्मशाळेतील नोकर यांचे वर्ष मेळ्याच्या चार दिवसांवर चालते. शहरातही स्वर्णरेखेच्या काठच्या वस्त्यांत मुसळधार पावसात पाणी शिरते. फूलबागेजवळ महाराणी लक्ष्मीबाईंच्या समाधीशी निगडित असलेली ही नदी आज सिमेंटच्या पात्रातून वाहते आणि बहुतेकांना ती नाला म्हणूनच ठाऊक आहे. पाणी मुरायला जमीन राहिली नाही की ते घरांची वाट धरते.

किल्ला, जयविलास महाल, तानसेन समाधी आणि संगीत यांच्यामुळे ग्वाल्हेरकडे येणारे पाहुणे वाढत आहेत. २०२३ साली युनेस्कोने शहरास संगीताचे सर्जनशील नगर म्हणून मान दिला. हा मान टिकवायचा तर पाहुण्यांची आणि नदीकाठच्या शेजाऱ्यांची सुरक्षा हे एकच काम समजले पाहिजे.

७. हे अश्रद्धेचे लक्षण आहे काय ?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पावसाला भिऊन यात्रा थांबवणे म्हणजे श्रद्धा उणी पडणे होय काय ?

वार्षिक सभेत हा वाद झाला तेव्हा आमच्या एका वयोवृद्ध सभासदांनी इतकेच विचारले की, २००६ साली नदीत उतरलेल्या माणसांची श्रद्धा आपल्यापेक्षा कमी होती काय ? सभेत त्यानंतर कोणी बोलले नाही. श्रद्धा त्यांची पूर्ण होती. उणीव होती ती त्यांना वेळेवर सावध करणाऱ्याची. ते काम आमच्यासारख्या व्यवस्था पाहणाऱ्यांचे आहे.

शिवाय आपल्या परंपरेने पावसाकडे कधीच दुर्लक्ष केले नाही. चातुर्मासात संन्यासी एके ठिकाणी राहतात, प्रवास करीत नाहीत. पूर्वी फौजाही पाऊस सरल्यावर, दसऱ्याचे सीमोल्लंघन करून मगच मोहिमेस निघत. आपल्या शहरात शिंदे घराण्याचे शमीपूजन मांढरेच्या मातेच्या मंदिरी आजही दसऱ्यास होते, ते त्याच रीतीचे स्मरण आहे. नद्या उताराला लागल्या की वाट मोकळी, असा तो साधा हिशोब होता. पण त्या हिशोबात धरण नव्हते आणि लांबलेला पाऊसही नव्हता. म्हणून नियम जुनाच ठेवायचा, मात्र नदी उतरली की नाही हे केवळ पंचांगावरून न ठरवता हवामान विभागास आणि धरणाच्या कार्यालयासही विचारायचे, एवढाच फरक करावयाचा आहे.

महाराष्ट्रातील देवस्थाने या बाबतीत आपल्याला पुष्कळ शिकवतात. श्रीक्षेत्र नरसोबाची वाडी येथे कृष्णा-पंचगंगेचे पाणी जवळजवळ दर पावसाळ्यात मंदिरात येते. पाणी चढू लागले की उत्सवमूर्ती उंचावर नेतात, नित्योपचार तेथे चालू राहतात आणि दक्षिणद्वार सोहळाही ठरलेल्या शिस्तीने होतो. पुराशी भांडण नाही आणि बेफिकिरीही नाही. नाशिकला गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कोठवर आले यावरून लोक पुराचा अंदाज घेतात. देव तेथे सावधानतेचे मापच झाला आहे. प्रत्यक्ष देवाची मूर्ती पाण्यापासून दूर हलवण्यात कोणास अश्रद्धा दिसत नाही, तर भक्ताने एक महिना थांबण्यात ती का दिसावी ?

८. न्यासाचे नियम व भाविकांस विनंती

विश्वस्त मंडळाने पुढील गोष्टी ठरवल्या आहेत. त्यांचे सर्वांनी पालन करावे, ही विनंती.

(अ) आषाढ ते आश्विन या काळात नदी ओलांडावी लागणाऱ्या स्थळांची यात्रा न्यासातर्फे काढली जाणार नाही. ती रद्द न करता कार्तिक-मार्गशीर्षात नेली जाईल, जेणेकरून भाविकांस दर्शन घडेल आणि तेथील दुकानदार व वाहनचालकांचे उत्पन्नही बुडणार नाही. कार्तिकातही भाऊबीजेच्या गर्दीचा दिवस टाळला जाईल.

(आ) इतर वेळीही निघण्यापूर्वी हवामान विभागाचा इशारा पाहिला जाईल. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे त्वरित कृती करा. नारिंगी अथवा लाल इशारा असल्यास बस सुटणार नाही. इशारा केवळ यात्रास्थळाचा नव्हे, तर नदीच्या वरच्या अंगाच्या जिल्ह्यांचाही पाहावा. रतनगडला जाताना शिवपुरी व गुन्याचा पाऊस महत्त्वाचा, चंबळेला जाताना कोट्याचा.

(इ) आपल्याकडे ज्याला रपटा म्हणतात, त्या ठेंगण्या पुलावरून पाणी वाहत असेल तर पायी अथवा वाहनाने उतरू नये. वेगाने वाहणारे वीतभर पाणीही मोठ्या माणसाचा तोल घालवते, आणि दोन फूट पाणी मोटार उचलते. पाण्याखाली रपटा शाबूत आहे की नाही, हे वरून दिसत नाही.

(ई) नदीचे पाणी अचानक गढूळ झाले, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला अथवा वरच्या बाजूने घरघर ऐकू आली, तर सामान सोडून ताबडतोब उंच जागी जावे. आकाश निरभ्र आहे म्हणून थांबू नये.

(उ) गर्दीत पुलावर थांबू नये, छायाचित्रे काढू नयेत आणि कोणतीही आवई पुढे सांगू नये. २०१३ चा प्रसंग स्मरावा.

(ऊ) विजांचा अंदाज देणारे 'दामिनी' हे भ्रमणध्वनीवरील साधन पुण्याच्या वर उल्लेखिलेल्या संस्थेने तयार केले आहे. घरातील तरुणांनी ते ज्येष्ठांच्या भ्रमणध्वनीवर घालून द्यावे. संकटात ११२ हा क्रमांक लावावा.

(ए) अतिवृष्टीच्या दिवसांत देवस्थानचे सभागृह जवळच्या वस्त्यांतील कुटुंबांसाठी, जात-धर्म न विचारता, उघडे राहील. कोरडा शिधा, चादरी व पिण्याचे पाणी यांचा साठा ज्येष्ठातच करून ठेवला जाईल. यासाठी वस्तुरूपाने साहाय्य करू इच्छिणाऱ्यांनी कार्यालयात संपर्क साधावा.

(ऐ) निर्माल्य व मूर्ती स्वर्णरेखेत अथवा कोणत्याही नाल्यात टाकू नयेत. बुजलेला नाला म्हणजे कोणाच्या तरी घरात शिरलेले पाणी, हे ध्यानात असावे.

समारोप

देवी टेकडीवर आहे आणि ती तेथेच राहणार आहे. श्रावणात न झालेले दर्शन कार्तिकात होईल. मात्र बसमध्ये नाव लिहिलेला प्रत्येक माणूस घरी परतला पाहिजे, ही आमची जबाबदारी आहे. "पाऊस पाहून सांगू" असे उत्तर यापुढेही कार्यालयातून मिळेल. भाविकांनी त्यामागील काळजी ओळखून सहकार्य करावे आणि या माहितीची प्रत आपल्या आप्तेष्टांपर्यंत पोहोचवावी.

इति शम्.

आपला नम्र,
सचिव
विश्वस्त मंडळाच्या वतीने, ग्वाल्हेर